पदविका हातात आहे, पदवी कशी मिळवायची?

सकाळचे योगवर्ग घेणारे, निसर्गोपचाराची शिबिरं भरवणारे, ॲक्युप्रेशर किंवा ॲक्युपंक्चर करणारे लोक आज महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी भेटतात. बहुतेकांकडे एखादी पदविका असते. कुणाची सहा महिन्यांची, कुणाची वर्षाची, कुणाची निसर्गोपचारातली ‘एनडीडीवाय’. काही वर्षं काम केलं की वाटू लागतं, आता विद्यापीठाची पदवी हवी. त्यामागची कारणंही खरी असतात. शाळेत किंवा एखाद्या कंपनीत योगशिक्षकाच्या जागेसाठी अर्ज भरताना ‘पदवीधर’ हा रकाना रिकामा सोडावा लागतो. परदेशी जायचं तर तिकडे पहिला प्रश्न पदवीचा असतो. घर आणि काम सोडून कॉलेजात जाऊन बसणं जमणार नसतं, म्हणून नजर दूरशिक्षणाकडे वळते. त्याच सुमारास मोबाइलवर जाहिरातही येते: घरबसल्या वैकल्पिक चिकित्सेची पदवी, परीक्षा घरूनच, नावापुढे ‘डॉ.’ लावण्याचा हक्क.

उदाहरणापुरत्या एक काल्पनिक ताई घेऊ. कराडजवळच्या गावात राहतात, वय चाळिशीच्या आसपास, बारावी झालेल्या, निसर्गोपचाराची पदविका घेतलेल्या. त्यांना पदवी हवी आहे आणि ती घरी राहूनच मिळवायची आहे. त्यांच्यापुढे कोणते रस्ते आहेत ते एकेक करून पाहू.

पहिल्या पायरीवरच एक फरक पक्का करून घ्यावा लागतो. पदवी विद्यापीठ देतं. उपचार करण्याचा परवाना त्या त्या शास्त्राची परिषद देते. होमिओपॅथीची राज्य परिषद वेगळी, आयुर्वेदाची वेगळी, आधुनिक वैद्यकाची वेगळी. परिषदेच्या नोंदवहीत नाव आलं की रुग्ण तपासून औषध देता येतं. नुसत्या पदवीने ते होत नाही, आणि कुठलंही नोंदणीकृत वैद्यकीय शास्त्र भारतात पोस्टाने किंवा इंटरनेटवरून शिकून परिषदेच्या नोंदवहीत नाव चढत नाही.

म्हणजे आयुर्वेदाची बीएएमएस, होमिओपॅथीची बीएचएमएस आणि निसर्गोपचाराची बीएनवायएस हे तीनही अभ्यासक्रम दूरशिक्षणाच्या यादीतून ताईंनी आधीच वगळावेत. बीएनवायएस हा साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम आणि वर एक वर्षाची इंटर्नशिप. शेजारच्या कर्नाटकात उजिरे इथलं निसर्गोपचाराचं महाविद्यालय १९८९ पासून तो शिकवतं. त्यात शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र हे विषय आहेत, बाह्यरुग्ण विभागातलं आणि वॉर्डातलं काम आहे. पोटाला मातीपट्टी किती वेळ ठेवायची हे पुस्तकातून कळेल, पण समोरच्या माणसाची पोटदुखी अपेंडिक्सची आहे आणि त्याला मातीपट्टी न देता तातडीने शस्त्रक्रियेला पाठवायचं आहे, हे वॉर्डातच कळतं. नियम कडक आहे तो या कारणाने, आणि माझ्या मते तो तसाच असावा.

पदविकेवरून पदवीकडे जाण्याची सोय पूर्वी होमिओपॅथीत रीतसर होती. डीएचएमएस ही पदविका झालेल्यांसाठी केंद्रीय होमिओपॅथी परिषदेने १९८३ साली ‘ग्रेडेड’ पदवीचे नियम केले. डीएचएमएसवाल्यांना बीएचएमएस होता यावं, हा त्यामागचा हेतू. पण ‘ग्रेडेड’चे विद्यार्थीही कॉलेजात आणि रुग्णालयात जाऊनच शिकले. आधीचं शिक्षण धरून अभ्यासक्रमाची मुदत कमी होऊ शकते, वर्गात आणि वॉर्डात बसणं मात्र चुकत नाही, हे यातून दिसतं.

आयुर्वेदातलं उदाहरण याहून कडू आहे. प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाच्या ‘वैद्य विशारद’ आणि ‘आयुर्वेद रत्न’ या परीक्षा कित्येकांनी घरी अभ्यास करून दिल्या. कायद्याच्या परिशिष्टात या पदव्यांना मान्यता होती, पण ती १९३१ ते १९६७ या काळापुरती. त्यानंतरही प्रमाणपत्रं मिळत राहिली आणि लोक दवाखाने चालवत राहिले. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की १९६७ नंतरच्या या पदव्यांवर वैद्यकी करता येणार नाही. संस्था जुनी, नाव मोठं, प्रमाणपत्र खरं, तरीही उपयोग शून्य. प्रमाणपत्रावर मान्यता दिसली की ती कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत आहे, हेही विचारायचं असतं.

आता पदवीकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्यातलं कलम २२ या सगळ्या विषयाची किल्ली आहे. पदवी देण्याचा अधिकार तीनच प्रकारच्या संस्थांना आहे: केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ, आणि संसदेने खास कायदा करून तो अधिकार दिलेली संस्था. बाकी कुणीही दिलेला कागद, त्यावर ‘बॅचलर’ छापलेलं असो की ‘डॉक्टर’, पदवी ठरत नाही. आयोग दरवर्षी बोगस विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो. तिच्यात वर्षानुवर्षं झळकणारी काही नावं आपल्या विषयातलीच आहेत: कोलकात्याची ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ अल्टरनेटिव्ह मेडिसिन’, तिथलीच ‘इन्स्टिट्यूट ऑफ अल्टरनेटिव्ह मेडिसिन अँड रिसर्च’ आणि कानपूरची ‘नॅशनल युनिव्हर्सिटी ऑफ इलेक्ट्रो कॉम्प्लेक्स होमिओपॅथी’. महाराष्ट्रातलं नाव हवं असेल तर नागपूरची ‘राजा अरेबिक युनिव्हर्सिटी’ त्या यादीत बरीच वर्षं आहे. फसवणुकीला पूरक चिकित्सेचा विषय सोयीचा पडतो. शिकणाऱ्यांना मान मिळवायचा असतो आणि शास्त्राला एकच एक नियामक नसतो.

कायद्याने स्थापन झालेलं विद्यापीठही नेहमी टिकतंच असं नाही. छत्तीसगडने २००२ साली खासगी विद्यापीठांचा कायदा केला आणि थोड्याच काळात शंभराहून जास्त विद्यापीठं कागदावर उभी राहिली. काहींचा पत्ता म्हणजे एखादी खोली. प्राध्यापक यशपाल न्यायालयात गेले आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्यातली विद्यापीठं स्थापण्याची तरतूदच रद्द केली.

जाहिरातींतले शब्द वाचायला शिकणं हा या प्रवासातला अर्धा अभ्यास आहे. ‘सरकारमान्य’ याचा अर्थ बहुतेक वेळा संस्था १८६० च्या सोसायटी कायद्याखाली किंवा विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली आहे, एवढाच असतो. गावातलं गणेश मंडळही तसंच नोंदलेलं असतं. ‘आयएसओ प्रमाणित’ म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या पद्धतीला मिळालेलं प्रमाणपत्र. अभ्यासक्रमाशी त्याचा संबंध नाही. ‘नीती आयोगाशी संलग्न’ म्हणजे स्वयंसेवी संस्थांच्या ‘दर्पण’ या पोर्टलवर नाव नोंदवलेलं आहे. ‘एमएसएमई मान्यताप्राप्त’ म्हणजे उद्योग म्हणून ‘उद्यम’ नोंदणी, जी मालक स्वतःच्या माहितीवर करतो. यातलं काहीही खोटं नसतं. पदवी देण्याचा अधिकार मात्र यातल्या एकानेही मिळत नाही.

समजा, विद्यापीठ खरं निघालं. मग पुढचा प्रश्न: त्याला हा अभ्यासक्रम दूरशिक्षणाने देण्याची परवानगी आहे का? २०१३ पर्यंत हे काम इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या (इग्नू) आतली दूरशिक्षण परिषद पाहायची. ती विसर्जित झाल्यावर आयोगाचा दूरशिक्षण विभाग ते पाहू लागला. सध्या २०२० ची नियमावली लागू आहे. मान्यता विद्यापीठाला सरसकट मिळत नाही, अभ्यासक्रमागणिक मिळते आणि ती ठरावीक सत्रांपुरती असते. म्हणून ‘आमचं विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे’ एवढं उत्तर पुरेसं धरू नये. आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव, वर्ष आणि सत्र निवडलं की मान्य अभ्यासक्रमांची यादी उघडते. ताईंना ज्या अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा आहे, त्याचं नाव त्या सत्राच्या यादीत अक्षरशः तसंच असायला हवं. योगाच्या बाबतीत तर हे दर सत्राला नव्याने बघावं.

हद्दीचा नियमही पक्का लक्षात ठेवावा. राज्य विद्यापीठाला दूरशिक्षणासाठी आपल्या हद्दीबाहेर केंद्र काढता येत नाही आणि फ्रँचायझी देऊन दुसऱ्याकडून अभ्यासक्रम चालवून घेणं तर सगळ्यांनाच बंद आहे. तेव्हा कराडच्या बाजारपेठेत पहिल्या मजल्यावर कुणी ईशान्येकडच्या खासगी विद्यापीठाचं ‘अधिकृत अभ्यासकेंद्र’ चालवत असेल आणि फी स्वतःच्या खात्यावर मागत असेल, तर पुढे काही विचारायची गरज नाही. जिना उतरावा.

या बाबतीत न्यायालयं किती कठोर होऊ शकतात हे २०१७ साली दिसलं. चार अभिमत विद्यापीठांनी दूरशिक्षणाने दिलेल्या अभियांत्रिकीच्या पदव्या सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवल्या. परवानगी योग्य ठिकाणाहून घेतलेली नव्हती, हे कारण. त्या पदव्यांवर नोकरीत बढती घेतलेल्यांनाही त्याची झळ बसली.

अलीकडचा बदल तर थेट आपल्या विषयाला भिडणारा आहे. संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी केंद्राने २०२१ साली नवा कायदा केला. त्या कायद्याच्या कक्षेत येणारे अभ्यासक्रम जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन देऊ नयेत, असं आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये विद्यापीठांना कळवलं. मानसशास्त्र, आहार आणि पोषण, सूक्ष्मजीवशास्त्र हे विषय त्यात आले. निसर्गोपचाराची पदविका घेतलेले बरेचजण पुढे आहारशास्त्राची पदवी दूरशिक्षणाने घेण्याचा बेत करत. तो रस्ता आता बंद झाला आहे. बीएला अनेक विषय असतील तर त्यातला या कायद्यात बसणारा विषय वगळला जातो. बाकीची बीए चालू राहते.

मग ताईंच्या हाती काय उरतं? साध्या शब्दांत सांगायचं तर दोन टप्प्यांचा रस्ता. आधी दूरशिक्षणाने एक सर्वसाधारण पदवी आणि तिच्यावर योगाचं किंवा योगशिक्षणाचं पदव्युत्तर शिक्षण, शक्य तितकं प्रत्यक्ष हजर राहून.

पहिल्या टप्प्यासाठी महाराष्ट्रात नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १९८९ साली राज्याच्या कायद्याने ते स्थापन झालं. मराठीतून पदवी घेण्याची सोय हा त्याचा मोठा गुण. दुसरं १९८५ चं इग्नू, तिथे मुख्यतः इंग्रजी आणि हिंदी. ताई बारावी आहेत म्हणून थेट प्रवेश घेऊ शकतात. शिक्षण दहावीवर थांबलं असेल तर आधी राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून बारावी करून घेणं हा सरळ उपाय.

आता खरा प्रश्न: पदविकेचे गुण पदवीत धरले जातील का? त्यासाठी श्रेयांकांचा हिशेब समजून घ्यावा लागतो. २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानुसार ३० तासांच्या अभ्यासाला एक श्रेयांक. वर्षाला १,२०० तास म्हणजे ४० श्रेयांक, तीन वर्षांच्या पदवीला १२०. हे श्रेयांक ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’मध्ये विद्यार्थ्याच्या नावावर जमा होतात. ताईंची पदविका एखाद्या विद्यापीठाने किंवा या व्यवस्थेतल्या मान्य संस्थेने दिली असेल, तर तिचे श्रेयांक वळते करण्याबद्दल पदवीच्या विद्यापीठाकडे लेखी अर्ज करता येतो. ती खासगी मंडळाने दिलेली असेल, तर बँकेत जमा करायला काहीच नसतं. दर रविवारी चार तास असा सहा महिने चालणारा वर्ग घेतला तरी तो शंभर तासांच्या आसपासच जातो, म्हणजे जेमतेम तीन श्रेयांक. ‘तुमच्या पदविकेवर थेट तिसऱ्या वर्षाला प्रवेश’ अशी जाहिरात दिसली की हे गणित करून पाहावं.

म्हणून बहुतेकांना पदवी पहिल्यापासून करावी लागते. ऐकायला वाईट वाटतं, पण पदविकेतलं ज्ञान काही पुसलं जात नाही. पुढच्या टप्प्यात त्याचाच उपयोग होतो.

प्रवेशाच्या वेळी ‘डेब-आयडी’ नावाचा क्रमांक काढावा लागतो. हा दूरशिक्षण विभागाचा क्रमांक विद्यार्थ्याने स्वतः काढायचा असतो. २०२४ पासून तो सक्तीचा झाला आणि त्याचा फायदा असा की मान्यता नसलेल्या अभ्यासक्रमाला तो जोडताच येत नाही. एजंट म्हणाला ‘आयडी आम्ही नंतर काढून देऊ’, तर तिथेच थांबावं.

पुढे अभ्यासाची पुस्तकं येतात, छापील किंवा पीडीएफ. संपर्कसत्रं बहुधा सुट्टीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर होतात. बरेच विद्यार्थी ती चुकवतात आणि नंतर परीक्षेत अडतात. गृहपाठ वेळेत द्यावे लागतात. अंतर्गत मूल्यमापनाला जास्तीत जास्त ३० टक्के, सत्राअखेरच्या परीक्षेला किमान ७० टक्के. म्हणजे गृहपाठावर तरून जाता येत नाही. एका सत्राला २० श्रेयांक धरले तर ६०० तास, रोजचे तीन तासांहून थोडे जास्त. योगवर्ग, स्वयंपाक आणि सासूबाईंची औषधं सांभाळून रोज तीन तास काढणं सोपं नाही. म्हणूनच मुक्त विद्यापीठं पदवी पुरी करायला तीन वर्षांपेक्षा बरीच जास्त मुदत देतात. ती मुदत वापरण्यात कमीपणा नाही.

पदवी चालू असताना दुसरा अभ्यासक्रमही करता येतो. एप्रिल २०२२ मध्ये आयोगाने एकाच वेळी दोन पदव्या घेण्याची मुभा दिली: एक प्रत्यक्ष आणि एक दूरशिक्षणाने, किंवा दोन्ही दूरशिक्षणाने. ताई बीएबरोबरच आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाची परीक्षाही देऊ शकतात. ती पदवी नव्हे, कौशल्याचं प्रमाणपत्र आहे. तरी योगवर्ग घेणाऱ्यांना कामाच्या ठिकाणी बीएपेक्षा त्याचाच उपयोग आधी होतो, असं माझं मत आहे.

दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राकडे चांगली ठिकाणं आहेत. लोणावळ्याचं कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली काढलं आणि योगाचा शरीरावर होणारा परिणाम प्रयोगशाळेत मोजण्याची सुरुवात तिथे झाली. तिथल्या महाविद्यालयात पदवीनंतरची योगशिक्षणाची पदविका निवासी पद्धतीने होते. रामटेकच्या कवी कुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठात योगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण आहे. एमए झालं की आणखी एक दार उघडतं: योग हा विषय जानेवारी २०१७ पासून ‘नेट’ परीक्षेत आहे, त्यासाठी पदव्युत्तर पदवीला खुल्या प्रवर्गात ५५ टक्के गुण लागतात. ती उत्तीर्ण झाल्यावर महाविद्यालयात योगाचे सहायक प्राध्यापक म्हणून अर्ज करता येतो. ‘घरबसल्या डॉक्टर’ होण्यापेक्षा हा मान कितीतरी पक्का.

ॲक्युपंक्चर करणाऱ्यांची गोष्ट थोडी निराळी. आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या वैद्यकीय पथकातून १९३८ साली चीनला गेले, त्यातलेच डॉ. बिजोयकुमार बसू १९५०च्या दशकाच्या अखेरीस चीनमधून ही विद्या शिकून आले आणि त्यांनी ती कोलकात्यात रुजवली. महाराष्ट्राने ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला आणि वेगळी परिषद नेमली. केंद्राने २०१९ साली ही स्वतंत्र उपचारपद्धती मानली. तेव्हा ॲक्युपंक्चरवाल्यांनी पदवीच्या मागे धावण्याआधी राज्य परिषदेत आपली पदविका नोंदणीयोग्य आहे का, ते विचारावं.

पदवी मिळाल्यावर पाटीवर काय लिहायचं? बीए किंवा एमए (योगशास्त्र) खुशाल लिहावं. ‘डॉ.’ लिहू नये. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशात राज्यांना कळवलं होतं की मान्य नसलेल्या पद्धतींचे पदवी-पदविका अभ्यासक्रम चालू देऊ नयेत आणि ‘डॉक्टर’ हा शब्द मान्य वैद्यकपद्धतींच्या व्यावसायिकांपुरताच राहील. महाराष्ट्रात १९६१ च्या वैद्यक व्यवसायी अधिनियमाचं कलम ३३ नोंदणीशिवाय वैद्यकी करणाऱ्याला तुरुंगात पाठवू शकतं. नोंदणी असली तरी आपल्या शास्त्राबाहेर जाता येत नाही. मुंबईच्या पूनम वर्मा खटल्यात डीएचएमएस झालेल्या डॉक्टरने ॲलोपॅथीची औषधं दिली होती, रुग्ण दगावला, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन लाख रुपयांची भरपाई द्यायला लावली.

परदेशी जाणाऱ्यांसाठी एवढंच: तिकडेही पदवी आणि परवाना वेगळेच आहेत. ब्रिटनमध्ये ऑस्टिओपॅथ (१९९३) आणि कायरोप्रॅक्टर (१९९४) या दोघांसाठी कायदे आहेत. निसर्गोपचारासाठी तसा कायदा नाही. तिथल्या काही विद्यापीठांनी होमिओपॅथीची ‘बीएस्सी’ देखील दिली. २००७ साली औषधशास्त्रज्ञ डेव्हिड कोल्कहून यांनी ‘नेचर’मध्ये त्यावर कडाडून टीका केली आणि पुढच्या काही वर्षांत त्यातले बरेच अभ्यासक्रम बंद पडले. विद्यापीठाने पदवी दिली म्हणून उपचार गुणकारी ठरतो असं नाही, हा त्या टीकेचा गाभा होता आणि तो मला पटतो.

तेव्हा ताईंना आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांना विनंती एवढीच. फी भरण्याआधी विद्यापीठाला एक पत्र लिहा: अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव, या सत्रासाठीच्या मान्यतेचा तपशील आणि माझ्या पदविकेचे किती श्रेयांक धरणार, हे तीन प्रश्न विचारा. सरकारी विद्यापीठाने उत्तर दिलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. लेखी उत्तर हाती येईपर्यंत एक रुपयाही भरू नका, आणि भराल तेव्हा तो विद्यापीठाच्याच खात्यावर भरा.